सुपातलं शिसं

आमच्या घरमालकांना नाशिकमधले सगळे भंगारवाले लांबून हात करायचे, आणि गल्लीतले शेजारी ते समोरून आले की फोन कानाला लावायचे. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका गल्लीत त्यांचं जुनं घर होतं, वर एकच खोली चढवलेली. त्या खोलीत मी सहा वर्षं भाड्याने राहिलो आणि त्या सहा वर्षांतले निम्मे रविवार त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर गोणपाटाची पिशवी धरून घालवले. सोमवार ते शनिवार मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबर बांधायचो. रविवारी नुसतं पडून राहावं, एवढीच माझी मागणी होती. पण सकाळचे आठ वाजले की खालून हाक यायची, "काय डास, उठलास का?"

डास म्हणजे मी. रक्त काढणाऱ्याला त्यांनी ठेवलेलं हे नाव. संध्याकाळी कामावरून आलो की फाटकातच विचारायचे, "आज किती जणांना चावलास?" काकू आतून ओरडायच्या, "अहो, लग्नाचा मुलगा आहे तो. चारचौघांत काय डास म्हणता?" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "डासांचीही लग्नं होतात. नाहीतर एवढे डास आले कुठून?"

खरं सांगायचं तर त्यांची आठवण आली की मला आधी कंटाळा आठवतो आणि मग माया. क्रम असाच आहे, त्याला माझा इलाज नाही.

काका टेलिफोन खात्यातून केबल जॉइंटर म्हणून निवृत्त झाले होते. पूर्वी जमिनीखालच्या जाड टेलिफोन केबलीवर शिशाचं आवरण असायचं. दोन केबली जोडल्या की त्या जोडावर वितळलेलं शिसं ओतायचं आणि ते थिजायच्या आत फडक्याने पुसत पुसत गोल गरगरीत करायचं, हे त्यांचं काम. सगळं आयुष्य रस्त्यावरच्या खड्ड्यात बसून गेलं. पुढे काचेच्या तारा आल्या आणि त्यांच्या हातातलं कसब कुणालाच नको झालं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. काकांनी त्या दिवशी साहेबांकडे मागितली ती फक्त ऑफिसच्या मागे पडलेली शिसं वितळवायची लोखंडी कढई. साहेबांना ती कढई आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं.

ती कढई दोन वर्षं माळ्यावर होती. मग एकदा काका गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सहज फिरायला गेले. तिथे एक जण पाग टाकत होता. पाग म्हणजे फेकून टाकायचं गोल जाळं. त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या बांधाव्या लागतात, नाहीतर जाळं बुडत नाही. त्या माणसाने गोळ्यांच्या जागी लोखंडी नट बांधले होते. काकांनी विचारलं, तर म्हणाला, "गोळी लय महाग हाय काका. अन् नटानं जाळं कातरतं, पर काय करता?" काका घरी आले, माळ्यावर चढले आणि त्या दिवसापासून मागच्या अंगणात कोळशाची शेगडी पेटायला लागली. गोळ्या घरी ओतायच्या, धरणावरच्या लोकांना द्यायच्या. ते लोक बदल्यात मासळी द्यायचे. काकूंच्या स्वयंपाकघरात मासळी चालत नव्हती, त्यामुळे ती माझ्या खोलीत शिजायची आणि काका वर येऊन खायचे. माझ्या रविवारच्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून मी ती मासळी मनापासून खाल्ली, हे कबूल केलं पाहिजे.

या सगळ्यात अडचण एकच होती आणि ती पुण्यात राहत होती. काकांची एकुलती एक मुलगी, आमची ताई. ताईने शिशाबद्दल कुठेतरी वाचलं होतं. लहान मुलांच्या अंगात ते थोडं जरी गेलं तरी डोक्यावर परिणाम होतो, वाढ खुंटते, असलं सगळं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने वडिलांना साफ सांगून टाकलं, "मागे ती शेगडी पेटते आहे तोवर मी माझ्या लेकराला त्या घरात आणणार नाही." नुसतं बोलली नाही, करून दाखवलं. पहिलं बाळंतपण, पण माहेरी आली नाही. काकूच दोन महिने पुण्याला जाऊन राहिल्या आणि परत आल्या त्या रडतच. नात दीड वर्षाची झाली तरी तिने नाशिकचा उंबरा पाहिला नव्हता. फोनवर दिसायची. काकू तिला फोनमध्येच भरवल्यासारखं करायच्या, घास पुढे करून. मला ते बघवायचं नाही, म्हणून त्या वेळी मी जिना चढून वर जायचो.

शेगडी विझवली की प्रश्न मिटला, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. काका म्हणाले, "डास, चाळीस वर्षं माझे हात शिशात आहेत. काय झालं मला? माझ्यापेक्षा काळजीने काम करणारा माणूस नाशिकमध्ये दाखव, मी आत्ता कढई नदीत फेकतो." असा माणूस मला दाखवता आला नाही.

काळजीच्या बाबतीत ते खरोखर वेडे होते. अंगणात त्यांनी ऑइलपेंटने एक पिवळी रेघ मारली होती. शेगडी पेटलेली असताना त्या रेघेच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. ओले हात घेऊन तर रेघेच्या जवळही नाही, कारण वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला की ते उसळतं. काकूंचे हात दिवसभर ओलेच, त्यामुळे त्यांना सक्त मनाई. वारा कुठल्या बाजूने आहे ते काका उदबत्ती लावून बघायचे आणि वाऱ्याकडे पाठ करून बसायचे. तोंडाला मास्क, हातात चामड्याचे मोजे, अंगात खात्याचा जुना खाकी फुल शर्ट. काम संपलं की शर्ट-पँट तिथेच काढून बादलीत टाकायचे, नखांत ब्रश घालून हात तीनदा धुवायचे, डोक्यावरून आंघोळ करायचे, आणि मगच घरात. वर गुळाचा खडा खायचे. गुळाने धूळ उतरते, असं त्यांच्या खात्यातले सगळे म्हणायचे. माझ्या वैद्यकीय ज्ञानाचा त्या गुळापुढे काही उपयोग नव्हता.

पण ओतणं सोपं. त्यांची खरी विद्या होती स्वस्तात शिसं मिळवण्याची. बाजारातलं नवं शिसं घेऊन गोळ्या ओतल्या तर त्या बाजारातल्याइतक्याच महाग पडणार, मग एवढा खटाटोप कशाला? म्हणून भंगार. आणि भंगारात त्यांचा एक मंत्र होता, "माल जड असला की बोलणं हलकं ठेवायचं." म्हणजे दुकानात शिरून शिसं मागायचं नाही. पंख्याचा रेग्युलेटर आहे का, कुकरची शिट्टी आहे का, असं काहीतरी विचारायचं. चहा घ्यायचा. पोराबाळांची चौकशी करायची. आणि उठता उठता पायाने एखादा तुकडा ढकलून म्हणायचं, "हे काय रे पडलंय?" सातपूरचा एक भंगारवाला होता, मूळचा सटाण्याकडचा. तो यांना इतका ओळखून होता की आम्ही स्कूटर लावली की तोच आधी विचारायचा, "बोला काका, आज काय नको आहे तुम्हाला?" तरीही काका कुकरची शिट्टी विचारायचेच आणि तोही ती शोधायचं नाटक करायचा. अर्धा तास हे चालायचं. मी बाहेर उन्हात उभा राहून जांभया द्यायचो.

टायरच्या दुकानातून चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं मिळायची. ती पूर्वी शिशाची असत, आता त्यात लोखंड आणि जस्त मिसळलेलं येतं. लोखंड चुंबकाला चिकटतं, त्यामुळे ते लगेच कळतं. जस्त लबाड. रंग तोच, चुंबकाला चिकटतही नाही. ते नखाने ओळखायचं. शिशावर नख उमटतं, जस्तावर उमटत नाही. फरशीवर टाकलं तर शिसं थप्प करून बसतं आणि जस्त खणकतं. हे सगळं मला शिकवून त्यांनी एकदा निवडायला बसवलं. माझं लक्ष नव्हतं. एक जस्ताचा तुकडा निसटला आणि कढईतला सगळा रस रव्याच्या खिरीसारखा गिच्च झाला. साच्यात जाईना. महिन्याभराचा माल वाया गेला. दोन दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "माणसाचं रक्त ओळखतोस, आणि जस्त ओळखता येत नाही?"

पाडलेल्या जुन्या इमारतींचे बिडाचे पाइप हा दुसरा मार्ग. त्यांच्या जोडात पूर्वी शिसं ओतायचे. शहरात कुठे जुनी बिल्डिंग पाडताहेत याची बातमी काकांना बिल्डरच्या आधी असायची. बॅटरीचं शिसं मात्र फुकट दिलं तरी घ्यायचे नाहीत. "ते विष आहे," म्हणायचे, "त्यात अॅसिड, त्यात भुकटी. आपलं शिसं घरंदाज आहे."

एकदा तर त्यांनी मला नोकरीत तोंड लपवायची पाळी आणली. आमच्या लॅबशेजारी एक एक्स-रे सेंटर होतं. एक्स-रेच्या खोलीच्या दाराला आतून शिशाचा पत्रा असतो, हे त्यांना कळलं. मग ते मला डबा द्यायच्या निमित्ताने लॅबवर यायला लागले. डबा माझ्या हातात, डोळे त्या दारावर. सेंटर दुसरीकडे हलणार असं कानावर आल्यावर सलग तीन दिवस ते तिथल्या बाकावर पेशंटांमध्ये बसून होते. तिथल्या मुलीने विचारलं, "आजोबा, कुठला एक्स-रे काढायचाय?" काका म्हणाले, "मला काही झालेलं नाही. मी या दारासाठी थांबलोय." तिने घाबरून मला बोलावलं. अखेर ते दार त्यांनी मिळवलं आणि हातगाडीवर टाकून स्वतः घरी आणलं. गंगापूर रोडवरून हातगाडीवर एक दार चाललंय आणि मागे मी, ओळख नसल्यासारखा दहा पावलं अंतर ठेवून.

आता सुपाबद्दल सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शिसं वितळलं की वर मळी येते. राखाडी, पावडरीसारखी. काका ती पळीने काढून बाजूला टाकायचे. ओतताना थेंबही उडायचे आणि अंगणात पडायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी, शेगडी थंड असताना, काकू अंगण झाडायच्या आणि तो केर टाकून न देता सुपात घ्यायच्या. मग तांदूळ पाखडतात तसा तो पाखडायच्या. राख उडून जायची आणि सुपात शिशाचे बारीक मणी उरायचे. ते त्या एका डब्यात साठवायच्या. महिन्याअखेरीस डबा काकांपुढे ठेवायच्या, "घ्या, तेवढंच तुमचं वाचलं." त्या बाईंना नवऱ्याचा हा नाद मनातून आवडत नव्हता, नातीपायी तर त्या शेगडीवर त्यांचा दात होता. पण घरात आलेली वस्तू केरात गेलेली त्यांना बघवायची नाही. आणि नवरा उन्हातान्हात हिंडून आणतो हेही त्यांना दिसायचं. त्यासाठी त्यांनी वेगळं सूप केलं होतं, धान्याच्या सुपाला ते लागू द्यायच्या नाहीत. त्यांच्या परीने ही काळजीच होती.

काका तो डबा हातात घेऊन माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "डास, अख्ख्या नाशकात सगळ्यात स्वस्त शिसं कुठे मिळतं, माहितीये? माझ्या बायकोच्या सुपात." काकू लाजायच्या.

मी हे वरच्या गॅलरीतून कितीदा पाहिलं असेल. दुपारची सुट्टी असली की चहाचा कप घेऊन उभा असायचो आणि खाली सुपातून ती राखाडी धूळ उडताना, काकूंच्या तोंडावर, पदरावर बसताना बघायचो. रेघेच्या आतबाहेर बघणारे काका, पोरीच्या जिवाला जपणारी ताई आणि रक्ताच्या नळ्यांत आयुष्य घालवणारा मी. तिघांनाही ते बायकी काम वाटलं. त्यात बघण्यासारखं काही असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

आणि काकू दमत होत्या. चार पायऱ्या चढल्या की पाचवीवर बसायच्या. पोटात कळ यायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. नातीसाठी झबली शिवायला घेतली होती, पण सुईत दोरा ओवता येईना, हात थरथरायचा. दोरा मी ओवून द्यायचो. "दमले रे," असं त्या दिवसातून इतक्यांदा म्हणायच्या की ते आम्हाला ऐकू येईनासं झालं. कुणी म्हणायचं वय झालं, कुणी म्हणायचं नातीचा घोर लागलाय. काका म्हणायचे, "पहिल्यापासूनच नाजूक आहे ती."

शेवटी दिवाळीच्या आधी बाप-लेकीत तह झाला. काकांनी रक्तातलं शिसं तपासून घ्यायचं. रिपोर्ट चांगला आला तर ताई दिवाळीला नातीला घेऊन चार दिवस येणार. काकूंनी तो फोन ठेवला आणि लगेच देवापुढे साखर ठेवली.

रक्त मी घरीच काढलं. काका खुर्चीत बसले होते, बाही वर करून, परीक्षेला बसलेल्या हुशार पोराच्या तोऱ्यात. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कप बशीत असा खडखडत होता की निम्मा चहा सांडला. काका म्हणाले, "हिचंही घे रे. सारखी दमले दमले करते. हिमोग्लोबिन तरी बघ."

काकांची नळी मी मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवली. शिशाची तपासणी आमच्याकडे होत नव्हती. काकूंचं साधं होतं, ते मीच केलं. हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. बायकांचं असतंच, असं म्हणून मी पुढे जाणार होतो. सवयीने स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. लाल पेशींवर निळसर बारीक ठिपके होते. असे ठिपके मी फक्त शिकताना पुस्तकात पाहिले होते, आणि ते कशाने येतात हेही तिथेच वाचलं होतं. मी खुर्चीत मागे रेललो. शेजारच्या मुलीने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." माझ्या डोळ्यांपुढे ते सूप आलं होतं. नळीतलं उरलेलं रक्त मी कुणाला न सांगता मुंबईला पाठवून दिलं.

काकांचा रिपोर्ट आधी आला. स्वच्छ. चाळीस वर्षांच्या मानाने तर आश्चर्य वाटावं असा. काकांनी तो गल्लीत चार जणांना वाचून दाखवला, ज्यांनी फोन कानाला लावला होता त्यांनाही. ताईने फोनवर हार मानली, आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी येते म्हणाली.

दोन दिवसांनी काकूंचा आला. आकडा बघून मी कागद घडी करून खिशात घातला. दुपारी काका बाहेर गेल्यावर काकूंना स्वयंपाकघरात गाठलं आणि जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. त्यांच्या अंगात शिसं फार झालंय, हे थकणं, हे पोट, हे हात थरथरणं त्याचंच आहे, औषध आहे, पण आजपासून सुरू करायला हवं, आणि हे अंगण, हे घर लहान मुलासाठी बरं नाही.

त्या अनारसे करत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "काकांना सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. चार दिवस ती पोर येऊन जाऊ दे. मग मला काय तुझं औषध द्यायचं ते दे, कुठे न्यायचं तिथे ने. चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? दीड वर्ष वाट बघितली रे मी."

मी हो म्हणालो. मला याची लाज वाटते, पण मी हो म्हणालो. थकलेल्या माणसाला नाही म्हणायलाही जोर लागतो आणि त्या दिवशी तो माझ्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालो तर काकू मागच्या अंगणात होत्या. नात येणार म्हणून त्यांनी शेगडीची जागा झाडून काढली होती, त्याच झाडूने. तिथे सतरंजी अंथरत होत्या. "इथे ऊन छान येतं," म्हणाल्या, "इथेच खेळेल." आणि त्यांनी ती सतरंजी हाताने सारखी केली. मी फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काका पेपर वाचत बसले होते. मी कागद त्यांच्या पेपरवर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आशा दिसली. म्हणाले, "अरे, नळ्या बदलल्या असतील. एकाच दिवशी काढलं होतंस ना दोघांचं? माझा आकडा हिच्या नावावर पडला असेल. होतं असं. बघ ना नीट."

"नाही काका."

"पुन्हा काढ. माझं पुन्हा काढ."

"काका, काकूंच्या पेशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात."

"पण ती तर रेघेच्या आत येतच नव्हती!"

मी मागच्या अंगणाकडे बघितलं. ते उठले आणि मागे गेले. भिंतीला टांगलेलं ते सूप काढलं, त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले. मग कोपऱ्यातल्या बादलीकडे बघितलं. तिच्यात त्यांचे परवाचे खाकी कपडे काकूंनी पिळून ठेवले होते. म्हणाले, "मी आंघोळ करून मोकळा झालो, नाही का?"

त्यांनी माझ्यासमोरच ताईला फोन लावला.

"छकुलीला आणू नकोस."

"का? तुमचा रिपोर्ट तर चांगला आलाय ना बाबा?"

"माझा आलाय. आईचा नाही." काका म्हणाले, "तू एकटी ये. गाडी घेऊन ये आणि आईला घेऊन जा. मी तिला मारत होतो गं इतकी वर्षं, आणि ती मला डबा भरून देत होती."

काकू दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला आई आहे ना रे? मग तुला कळायला हवं होतं." आणि आत गेल्या. मनमाडला राहणाऱ्या माझ्या आईला मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी फोन केला.

ताई आली, दिवाळीच्या तोंडावर आईला घेऊन गेली. गाडीत बसताना काकूंच्या मांडीवर झबल्यांची पिशवी होती. पुण्यात उपचार झाले. आकडा हळूहळू उतरला, काकूंच्या अंगात जीव आला. पण त्या परत आल्या नाहीत. आधी औषधं होती, मग नातीला त्यांची सवय झाली, मग ताईची नोकरी. ज्या नातीसाठी त्यांचा जीव तुटत होता ती त्यांना रोज मिळाली आणि मिळाली ती या शिशामुळेच, असंही कुणी म्हणेल.

काकांनी शेगडी फोडली. उरलेलं शिसं पत्र्याच्या डब्यात घालून वर सिमेंट ओतलं, कारण ते कुणाला द्यायचं हे त्यांना ठरवता येईना. धरणावरचे लोक दोनदा येऊन हात हलवत गेले. अंगणाची माती त्यांनी वीतभर खणून काढली, फरशी घातली. तरीही ताईचं मन होईना आणि काकांनी पुन्हा म्हणून विचारलं नाही. महिन्यातून एकदा सकाळच्या बसने ते पुण्याला जातात आणि संध्याकाळी परत येतात. मुक्काम करत नाहीत. ताईच्या दारात पोचले की आधी सोबत नेलेले धुतलेले कपडे घालतात आणि मगच आत पाऊल टाकतात, असं ताईनेच मला सांगितलं. ती म्हणाली, "आता काही गरज नाही त्याची, पण ऐकतच नाहीत."

माझं लग्न झालं, मी इंदिरानगरला राहायला गेलो. काकांना फोन करायचं ठरवायचो आणि राहून जायचं. खरं म्हणजे मी टाळत होतो.

परवा ते लॅबवर आले. चालण्यात पूर्वीचा तोरा नव्हता, खांदे उतरले होते. मला वाटलं तब्येत दाखवायला आलेत. पण बरोबर सातपूरचा तो भंगारवाला होता आणि त्याच्या मागे पदराने तोंड अर्धं झाकून एक बाई. त्याची बायको. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून पाइपांच्या जोडातलं शिसं जाळावर वितळवून काढायचं काम तीच करायची, आणि ते काम कोण करतं हे इतक्या रविवारांत आम्ही कधी विचारलंही नव्हतं. काका म्हणे दोन महिने दर रविवारी त्या दुकानात जाऊन बसत होते. काही विकत न घेता, रक्त तपासून घ्या एवढंच सांगत. भंगारवाला वैतागून अखेर आला होता.

"काकू कशा आहेत?" मी विचारलं.

"बरी आहे. नातीच्या मागे धावते. दमत नाही आता," काका म्हणाले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले.

ती बाई दारातच उभी होती. मला म्हणाली, "माले काय व्हयेल शे? मी तं रोज काम करस."

भंगारवाल्याने वाद नको म्हणून स्वतःच शर्टाची बाही वर केली आणि खुर्चीत येऊन बसला. "घ्या साहेब. धंदा मना शे, मनंच ल्या अन् सोडा आम्हाला."

मी रबर उचललं. काकांनी त्याच्या खांद्याला धरलं.

"ऊठ," ते म्हणाले. "माझंही स्वच्छच आलं होतं. हिला बसू दे."